आधी वही काढा, मग घोडा



वऱ्हाडातल्या बालसाहित्याच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद मला दिलंत, आभारी आहे. आभार लवकर आटोपतो, कारण जेवणाची वेळ जवळ आली आहे आणि पहिल्या रांगेतली मुलं माझ्याकडे कमी, मांडवामागच्या कढईकडे जास्त बघताहेत.

बंडखोराचं आयुष्य चित्रकथेत कसं सांगावं, एवढंच मला बोलायचं आहे. त्यासाठी सातपुड्यापलीकडचा माणूस घेतो, तंट्या भिल्ल. अकोल्याहून अकोट, धूळघाट करत मेळघाटातून खंडव्याला जाणारी मीटरगेज ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांना तो परका नाही. २०१७ पासून मेळघाटातली ती गाडी बंद आहे. तीच लाइन पुढे पाताळपाणीवरून महूला जायची. मीनाक्षी एक्स्प्रेसनं गेलेले लोक सांगतात, पाताळपाणीला गाडी तंट्यामामाला सलाम करायला थांबायची. रेल्वेवाले सांगतात, घाटाआधी ब्रेक तपासायला थांबायची. गद्य लिहिणाऱ्याला इथे एक बाजू धरावी लागते, नाहीतर 'असे म्हणतात' लिहून मोकळं व्हावं लागतं. चित्रकाराची तशी अडचण नाही. एका चौकटीत चाकापाशी वाकलेला रेल्वे कामगार, लगतच्या चौकटीत खिडकीतून हात जोडणारी बाई. दोन्ही खरं, आणि मध्ये बोटभर कोरी जागा. निकाल वाचणाऱ्या पोरानं लावावा.

हे माध्यम आपल्याला नवं नाही. १९६७ पासून अनंत पै यांच्या 'अमर चित्र कथे'नं आपल्या दोन पिढ्या वाढवल्या. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांची चित्रं पाहून किती जणांनी वहीच्या मागच्या पानावर घोडे काढले असतील! २०२२ मध्ये केंद्रीय संस्कृती मंत्रालयाबरोबर याच प्रकाशनानं आदिवासी लढवय्यांच्या वीस कथांचं पुस्तक काढलं. चांगलंच झालं. पण वीस कथा एका पुस्तकात बसवायच्या म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला पानं किती येणार? अशा वेळी अन्याय एका चौकटीत उरकतो, आणि उरलेली पानं घोडा, बंदूक आणि फास खाऊन टाकतात.

माझी तक्रार इथेच आहे. तंट्या १८७८ मध्ये खंडव्याच्या तुरुंगातून पळाला, पुढची अकरा वर्षं पोलिसांना गुंगारा देत राहिला, ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फासावर गेला. त्याच्या अटकेची बातमी देताना 'न्यू यॉर्क टाइम्स'नं त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटलं. हे सगळं काढायला सोपं आहे, कारण त्यात धावपळ आहे. पण वडिलांची पोखरची जमीन थकबाकीपायी हातची गेली, असं त्याच्या चरित्रांत येतं, ते कसं काढाल? व्याज धावताना दिसत नाही.

काढता येतं. एक पान घ्या, सहा चौकटी पाडा. सहाही चौकटींत तीच लाल खारव्याची वही, तीच शाईची दौत, तोच आंगठा. बदलतात फक्त वहीतले आकडे, सवाईचे दिढी होतात. आंगठ्यावर सुरकुत्या वाढत जातात आणि मागच्या खिडकीतलं शेत दर चौकटीला नांगराच्या एका तासानं आखूड होतं. पानभर एकच फुगा पुरे: "शेटजी, आंगठा कुठी लावू?" हे पान मुलानं पाहिलं, की पुढची दरोड्याची पानं त्याला वेगळी दिसतील. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून आधी खतं नि वह्याच ओढून काढल्या आणि जाळल्या. त्यांना बंड कशाविरुद्ध आहे ते नीट ठाऊक होतं. आमच्या चित्रकारांना ते अजून कळायचं आहे, असं मी म्हटलं तर रागावू नका.

आपल्या वऱ्हाडालाही ही वही ओळखीची आहे. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा मुलूख, रोख सारा, अमेरिकेतल्या यादवीत चढलेला आणि मग कोसळलेला कापसाचा भाव. अमरावती-खामगावच्या बाजाराची श्रीमंती ज्या गाड्यांवर लादून आली, त्यांच्यामागून कर्जही आलं. तेव्हा तंट्याची गोष्ट अकोल्यात सांगताना 'पलीकडच्या डोंगरातला एक शूर' असा सूर लावू नये.

आता रेषेबद्दल. २०११ च्या 'भीमायना'त दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचं आयुष्य काढलं, तेव्हा ठोकळेबंद चौकटीच नाकारल्या. मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात आणि विखारी बोल विंचवाच्या नांगीसह. पाश्चात्य कॉमिकचे नियम त्यांनी जसेच्या तसे उसने घेतले नाहीत. आपल्याकडे मेळघाटात कोरकू लोक मृतांच्या नावानं सागवानी मुंडा कोरतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार. घोड्यावरच्या माणसाची गोष्ट फळीवर सांगण्याची ही रीत आपल्या उंबऱ्याशी असताना आमचे तरुण चित्रकार जपानी मांगाचे डोळे गिरवत बसतात. मांगा वाईट नाही हो, मीही चवीनं वाचतो. पण चिखलदऱ्याला जाताना वाटेत एखाद्या ढान्यात, म्हणजे कोरकू वस्तीत, उतरून तो मुंडा पाहायला काय हरकत आहे? आणि कोरण्याचं काम कोरकू कारागिराला द्या, त्याचं नाव मुखपृष्ठावर छापा, मानधन चित्रकाराइतकंच. फुग्यांतली बोलीही कोरकू, भिली, वऱ्हाडी अशी ज्याची त्याची ठेवा. पुण्याचं शुद्धलेखन निवेदनापुरतं राहू द्या.

दुपारच्या सत्रात चित्रकार मंडळी कागद घेऊन बसणार आहेत. त्यांच्यासाठी एक अवघड काम ठेवतो. तंट्याला पकडून दिलं ते गणपत नावाच्या माणसानं. नातं राखीचं, आणि लोक सांगतात दिवसही राखीचाच. गणपतला तिरळे डोळे नि वळणदार मिशा देऊन खलनायक करणं दोन मिनिटांचं काम आहे. सरकारनं तंट्यावर बक्षीस लावलेलं, पोलिसांचा गावोगाव जाच चाललेला, अशा दिवसांत त्यानं राखीचं ताट मांडलं. त्या घटकेचा त्याचा चेहरा काढून दाखवा.