रविवारची नऊची फेरी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही तेच देऊन मोकळे झालेत: आपल्या बॅचच्या ग्रुपवर रविवारी रात्री नऊला येणारी शास्त्रीय संगीताची प्रश्नमंजूषा. जे खेळतात त्यांना नव्याने काय सांगू? पण इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी नऊ वाजले की ग्रुप म्यूट करतात, हे मला ठाऊक आहे. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी.

खेळ साधा आहे. गूगल फॉर्मची एक लिंक, दहा प्रश्न. सहा माहितीचे, चार कानाचे. कानाचा प्रश्न म्हणजे वीस सेकंदांचा तुकडा ऐकायचा आणि राग, वाद्य किंवा गाणारा ओळखायचा. सोमवारी रात्रीपर्यंत उत्तरं द्यायची. बक्षीस काही नाही. उलट जो पहिला येतो त्याने पुढच्या रविवारचे प्रश्न काढायचे, त्यामुळे काही हुशार मंडळी मुद्दाम दुसरी येतात असा माझा संशय आहे.

सुरुवात झाली २०२० च्या टाळेबंदीत. भीमसेनजींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव त्या डिसेंबरात झाला नाही. आपल्यातले चार-पाच जण दर वर्षी तिथे भेटायचे. त्यांना चुकल्यासारखं झालं आणि त्यातून हे निघालं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून अनेकांनी विचारलं की खेळात घड्याळ का नाही? तयार मिळणाऱ्या ऑनलाइन खेळांमध्ये असतं. जो आधी बटण दाबेल त्याला जास्त गुण. मजा येते, नाही म्हणत नाही. पण पुण्यात किंवा न्यू जर्सीत फायबरच्या जोडणीवर बसलेल्याला तुकडा लगेच वाजतो. तोरण्याच्या पायथ्याला एका कंपनीची रेंज ओट्यावर येते, दुसरीची गोठ्यामागे, आणि पावसाळ्यात दोन्हींची नसते. तिथे स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं. मग ती शर्यत कानाची न राहता टॉवरची होते. म्हणून पहिल्या दिवसापासून आपण घड्याळ घेतलं नाही, आणि आवाजाचे तुकडेही मुद्दाम हलके ठेवले. वीस सेकंद, मोनो, ४८ केबीपीएस, म्हणजे साधारण १२० केबी. एखाद्या 'शुभ सकाळ'च्या फुलांपेक्षा कमी वजनाचे.

आता मला जे खरं सांगायचंय ते. शाळेत असताना 'गाणं येणारे' म्हणजे कोण, हे आपल्या डोक्यात पक्कं होतं. भोर गावात राहणारे, पेटीचा क्लास लावलेले, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देणारे. वाडीवस्तीवरून चालत येणारे किंवा वेल्ह्याकडून येऊन इथे नातेवाइकांकडे राहणारे त्यात नसायचे. (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं. माझ्या तोंडी अजून वेल्हेच येतं, राजगडाने माफ करावं.) कुणी ठरवून वगळलं होतं असं नाही. त्यांनी स्वतःच स्वतःला मोजलं नव्हतं. प्रश्नमंजूषा सुरू झाली तेव्हाही तेच. ग्रुपवर बत्तीस जण, खेळायचे अकरा, आणि ते अकरा कोण हे तुम्ही डोळे मिटून सांगाल.

एका रविवारी प्रश्न होता व्हॉयेजर यानाचा. १९७७ साली अमेरिकेने दोन यानं अवकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. जगभरातलं निवडक संगीत तिच्यावर आहे आणि आपल्याकडचं एकच गाणं, साडेतीन मिनिटांचं, गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचं. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, अकरा दिवसांनी. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेलं. मानवाने बनवलेल्या वस्तूंमध्ये आज तेच सर्वांत दूर आहे. तर त्या गाण्याचे वीस सेकंद दिले होते आणि विचारलं होतं, राग कोणता?

अकरापैकी सहा जणांनी काहीबाही लिहिलं. सोमवारी दुपारी ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज आला. पाठवणारा आपला वर्गमित्र, वर्षानुवर्षं ग्रुपवर अंगठ्यापलीकडे काही न पाठवलेला. नाव घेत नाही, तो मागच्या रांगेतच बसलाय आणि आत्ता खाली बघतोय. तो म्हणाला, "ही तं आमच्या भजनातली शेवटची चाल. भैरवी. हिच्यानंतर प्रसाद."

बरोबर! भैरवीच.

त्याच्या गावच्या देवळात एकादशीला भजन होतं. वडील पखवाजावर, चुलते पेटीवर. चाळीस वर्षं तो ते ऐकतोय. रागांची नावं त्याला सगळी येत नाहीत, पण पुढचे काही रविवार त्याने कानाचे चारही प्रश्न सोडवले. नाव आठवलं नाही तर तो लिहितो, "रूपाच्या अभंगानंतर आमच्याकडे जी घेतात ती". आणि आपली विशारद झालेली मैत्रीण ते वाचून रागाचं नाव सांगते. दोघं मिळून एक उत्तर देतात. गूगल फॉर्मला हे मान्य नाही. मला आहे. मी हाताने गुण भरते.

त्यानंतर ग्रुपवर न बोलणारे आणखी सात-आठ जण खेळायला आले. एकीने पेटीचा प्रश्न काढला, तो मला फार आवडला. १९४० साली आकाशवाणीने कोणत्या वाद्यावर बंदी घातली, जी १९७१ पर्यंत टिकली? उत्तर हार्मोनियम. कारण असं दिलं जायचं की पेटीचे सूर पट्ट्यांना बांधलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही, आणि आपले बारीक श्रुतिभेदही तिच्यात बसत नाहीत. तक्रार अगदी खोटी नाही. पण त्या एकतीस वर्षांत आपल्या खोऱ्यातल्या देवळांत पेटी रोज वाजत होती आणि तिच्यावर कुणी बंदी घातल्याचं तिथे कुणाच्या कानावरही नव्हतं.

माहितीच्या प्रश्नांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. अमुक कलाकाराचा जन्म कुठल्या गावी, हा प्रश्न मला भरतीचा वाटतो. कुमार गंधर्वांचं मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, हे पाच फेऱ्यांत पाच वेळा येऊन गेलं, आता पुरे. ज्या प्रश्नाने माणूस मूळ गाणं लावून ऐकतो तो प्रश्न चांगला. १९५३ सालच्या 'गुळाचा गणपती'त भीमसेनजींनी गायलेला आळंदीवरचा अभंग कुणा संताचा, असा एक चकवा होता. बहुतेकांनी ज्ञानेश्वर किंवा नामदेव लिहिलं. तो ग. दि. माडगूळकरांचा, चाल पु. लं.ची, राग भीमपलास. उत्तर कळल्यावर रात्री साडेअकराला सगळे तो ऐकत बसले होते.

आणि काही प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नसतं, याचा मला कामाच्या सवयीमुळे सुरुवातीला त्रास व्हायचा. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच सूर. आमच्या भाषेत संच एकच. पण भूपात गंधाराला मान, तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. देशकारात धैवताला मान, तो सकाळचा. फरक कुठे थांबायचं यात आहे, आणि थांबणं रकान्यात भरता येत नाही. पटदीपवर तर दोन दिवस भांडण झालं. भातखंड्यांनी राग दहा थाटांत बसवले, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा मोठा ग्रंथ मूळ मराठीत आहे याचा आपण अभिमान धरावा. पुस्तकांत पटदीप काफी थाटात सापडतो. पण काफीत निषाद कोमल आणि पटदीपात शुद्ध. म्हणजे घरात राहतो पण त्या घरचा वाटत नाही. परीक्षा दिलेल्यांनी 'काफी' लिहिलं, कानाने खेळणाऱ्यांनी 'कुठलाच नाही'. आपल्या बाईंनी नातीच्या फोनवरून निकाल दिला: "दोघांनाही गुण द्या आणि झोपा." तेव्हापासून दर फेरीत एक प्रश्न वादाचा असतो.

एक अडचण मात्र खरी आहे. फोनला गाणं ऐकवलं की क्षणात नाव सांगणारी ॲप आता सगळ्यांकडे आहेत. त्यांच्या साठ्यातल्या ध्वनिमुद्रणांशी ती आवाज जुळवून बघतात. म्हणजे कानाचे प्रश्नही उद्या फोनच सोडवणार. पण जे कधी ध्वनिमुद्रित झालंच नाही ते त्यांच्या साठ्यात नाही. तुमच्या गावचं भजन त्यांना ओळखता येणार नाही. आणि ही भजनं किती दिवस ऐकायला मिळतील तेही बघा. पेटीवर बसणारे आता साठीच्या पुढचे, तरुण पोरं शिरवळच्या कंपन्यांत पाळीवर किंवा पुण्यात. मागच्या रांगेतल्या आपल्या मित्राचे चुलते गेल्या वर्षी गेले. त्यांच्या भैरवीची एकच फाइल आहे, प्रश्नमंजूषेसाठी त्याने फोनवर घेतलेली. मागे कुत्रं भुंकतंय. मी ती साफ केली नाही.

तर मला तुमच्याकडून हे हवंय. येत्या एकादशीला, काकड्याला, सप्ताहाला, जिथे असाल तिथे फोन पेटीपासून चार-पाच हात लांब ठेवा, पंख्याखाली नको. ज्यांचं गाणं आहे त्यांना आधी विचारा. पूर्ण अभंग घ्या, वीस सेकंद मी कापते. सोबत गावाचं नाव आणि गाणारे, पेटीवाले, पखवाजवाले कोण ते लिहा. रागाचं नाव माहीत नसलं तरी चालेल. ते रविवारी नऊला आपण सगळे मिळून शोधू.