नवजात बाळाची पहिली पारख
(मुकुटबन येथील पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर तान्ह्या बाळाच्या आजाराची चर्चा कशाला, असे आपल्याला वाटेल. परंतु मूल शाळेपर्यंत पोहोचावे असे वाटत असेल, तर त्याची काळजी पाळण्यापासूनच घ्यावी लागते.

हाडे, सांधे, कातडी, डोळ्यातील भिंग व रक्तवाहिन्या यांना आधार देणारी एक वीण शरीरात असते. शास्त्रात तिला संयोजी ऊतक म्हणतात. काही बाळांत ही वीण जन्मतःच कच्ची असते. त्यांपैकी एका आजारात हाडे काचेसारखी ठिसूळ होतात. साधारण १५ ते २० हजार जन्मांत असे एक बाळ आढळते. दुसरा आजार फ्रेंच डॉक्टर मार्फान यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १८९६ साली त्याचे वर्णन केले. त्यात बोटे फार लांब असतात, भिंग सरकू शकते आणि हृदयातून निघणारी मोठी धमनी फुगत जाते.

खुणा ध्यानात ठेवा. कपडे बदलताना बाळ कळवळून रडते, एखादा हात किंवा पाय हलवीत नाही, पाय वाकडे दिसतात, सांधे फार सैल लागतात, डोळ्याचा पांढरा भाग निळा दिसतो. किंचित निळसर झाक निरोगी बाळातही असते. म्हणून घाबरू नये, पण तपासणीही टाळू नये. अशी शंका असेल तर जोराची मालिश तात्काळ थांबवावी. बाळाला पाय धरून किंवा काखेत धरून उचलू नये. एक हात डोके व मानेखाली, दुसरा कमरेखाली देऊन उचलावे.

हाड मोडले की घरात सुनेकडे बोट दाखविले जाते. हा अन्याय आहे. बहुधा आईवडिलांपैकी एकाला आजार असतो आणि प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते. कधी निरोगी जोडप्याच्या पोटीही असे बाळ येते. काही विरळ प्रकारांत दोष दोघांकडून येतो. चुलत-मावस भावंडांच्या विवाहात त्याची शक्यता वाढते. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने घराण्यातील आजार डॉक्टरांपासून लपवू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे झाली. त्याखाली जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी होते. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात. त्यांना बाळ उघडे करून दाखवा. पुढील तपासासाठी यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचे रुग्णालय गाठता येते. ठिसूळ हाडांच्या आजारावर हाडे बळकट करणारी औषधे आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातही त्याचा समावेश आहे. आजार समूळ जात नाही, पण वेळीच उपचार झाल्यास मोडतोड कमी होते.

आणखी एक. या आजारात हाडे दुबळी असतात, बुद्धी नव्हे. असे मूल घरात कोंडून न ठेवता शाळेत पाठवा. शिक्षकांनी त्याला पुढच्या बाकावर जागा द्यावी, आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही त्याचे दप्तर उचला.