मेंढपाळाची सातवी मेंढी

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या यशाचा आलेख मांडावा, अशी प्रथा आहे. निकालांची टक्केवारी, स्पर्धांतील ढाली, देशोदेशी पोहोचलेले विद्यार्थी यांविषयी आज इतर वक्ते बोलणारच आहेत. मी आपल्या परवानगीने माझ्या एका चुकीविषयी बोलणार आहे. ती चूक नाताळच्या एका नाटुकलीच्या निमित्ताने घडली आणि तिने मला जे शिकवले, ते बी.एड.च्या वर्गात मला कोणी शिकवले नव्हते.

आपल्यापैकी अनेकांनी त्या नाटुकलीत काम केले असेल. ज्या शहरात गणपतीचे मांडव आणि शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकेचा उत्सव सप्टेंबरच्या आगेमागे हातात हात घालून येतात, त्या बंगळूरच्या मराठी शाळेत नाताळही साजरा व्हावा, हे आपल्या जुन्या शिक्षकांना स्वाभाविक वाटले. म्हणून सुट्टीपूर्वीच्या शनिवारी येशूजन्माचा प्रवेश होतो, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे मराठी भजन होते आणि चुरमुऱ्याच्या लाडवांनी सांगता होते.

सुमारे दहा वर्षांपूर्वी आपल्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव मी घेणार नाही. निम्हान्समध्ये तपासणी होऊन त्याला ऑटिझम असल्याचे निदान झाले होते. मुलाशी मराठी बोलणे सोडा, एकच भाषा ठेवा, म्हणजे इंग्रजी, असा सल्ला त्याच्या आईला कुणीतरी दिला होता. ज्या भाषेत अंगाई गायली, ती भाषा सोडायची कशी, असे म्हणून तिने त्याला आपल्या शाळेत घातले. अनेक भाषांमुळे अशा मुलांची प्रगती खुंटते, असे संशोधनात आढळलेले नाही, हे मी नंतर वाचले. त्या माउलीने ते न वाचताच ओळखले होते. मुलगा थोडे बोलत असे. तासाची घंटा झाली की कान झाकी. खडू, चपला, डबे जे मिळेल ते रांगेत लावून मोजीत असे.

डिसेंबरमध्ये मी त्याच्या आईला बोलावून म्हटले, "त्या दिवशी गर्दी असेल, लाउडस्पीकर असेल. त्याला त्रास होईल. घरीच ठेवलंत तर बरं." त्या इतकेच म्हणाल्या, "बरं, बाई. पण त्याला कळतं हो सगळं." आणि निघून गेल्या. त्यानंतर मी सभागृहात तालमीला गेले. योसेफ आणि मरिया दार ठोठावीत होते आणि धर्मशाळेचा मालक म्हणत होता, "इथे जागा नाही. पुढे जा." ते वाक्य मीच लिहिलेले होते. मुलाने ते हळू म्हटले म्हणून मी त्याला पुन्हा, अधिक ठासून म्हणायला लावले.

त्या क्षणी मला काही जाणवले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. जाणवले ते नाटुकलीच्या दिवशी. तिसरीच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती आणि मंचावरून तेच वाक्य खणखणीत आवाजात आले.

सुट्टीत मी वाचायला बसले. १९४३ मध्ये अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकीय साहित्यात स्थान दिले. 'ऑटिझम' या शब्दाच्या मुळाशी 'स्वतः' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. आपण मराठीत 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द सुंदर आहे, पण फसवा आहे. हे मूल स्वतःतच बुडालेले आहे, त्याला आपली गरज नाही, असे तो सुचवतो. प्रत्यक्षात कित्येक मुलांच्या बाबतीत उलट असते. बाहेरचे जग त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही असे नव्हे. ते फार मोठ्याने, फार झगझगीतपणे, एकदम अंगावर येते. आपल्याला न ऐकू येणारी पंख्याची घरघर त्यांना ऐकू येते. गळ्याशी टोचणारी जर त्यांना दुसरे काही सुचू देत नाही. आणि सर्व मुले सारखी नसतात. एखाद्याला गोंगाट असह्य होतो, तर दुसरे मूल ढोलाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहते.

डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये एक साधा विचार मांडला. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही, असे आपण म्हणतो. पण इतरांना तरी त्याचे मन कुठे कळते? न समजण्याचा दोष दोन्ही बाजूंना आहे. मला त्या आईचे शब्द आठवले. त्याला सगळे कळत होते. कळत नव्हते ते मला.

मग कायदा वाचला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते. त्यांत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही यादी २१ वर नेली आणि त्यात स्वमग्नतेचा समावेश केला. त्याच्या १६ व्या कलमात केवळ प्रवेशाचा आणि शिक्षणाचा उल्लेख नाही. खेळ आणि मनोरंजनाच्या उपक्रमांतही इतरांच्या बरोबरीने संधी द्यावी, असे म्हटले आहे. म्हणजे नाटुकलीतील जागा ही शाळेची मेहेरबानी राहिलेली नाही.

पुढच्या वर्षी मी त्याला तारा केले. संवाद नाही, हालचाल नाही, केवळ चांदीचा कागद लावलेली चांदणी धरून उभे राहायचे. तालमी उत्तम झाल्या. प्रयोगात तो तीन मिनिटे निश्चल उभा राहिला आणि आपण सर्वांनी प्रेमाने प्रचंड टाळ्या वाजवल्या. त्याने चांदणी टाकली, कान झाकले आणि धावत मैदानाच्या टोकाला गेला. आम्ही नाटकाची तालीम केली होती, टाळ्यांची नाही. शिवाय दुसरीही एक गोष्ट मनाला टोचत राहिली. तो तारा कोणासाठी होता? त्याला काय आवडते, हे मी विचारलेच नव्हते. सर्वांना सामावून घेतल्याचे छायाचित्र मला हवे होते.

तिसऱ्या वर्षी आम्ही सुरुवात त्याच्यापासून केली. त्याच्या वर्गशिक्षिका आणि आई यांनी मिळून नाटुकलीचा क्रम चित्रांत काढला: आधी पडदा, मग गाणे, मग मेंढ्या, मग घरी. तालमी वर्गात न घेता पहिल्या दिवसापासून मंचावरच घेतल्या. उभे राहण्याच्या जागी खडूने फुली केली. घोंगडी टोचते म्हणून आईची जुनी सुती साडी खांद्यावर दिली. कापसाची दाढी रद्द केली. विंगेशेजारच्या खोलीत चटई टाकून ती शांत ठेवली आणि हवे तेव्हा तिथे जाता येईल, हे त्याला दाखवून ठेवले. प्रेक्षकांना टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायला सांगितले. यात आमचा शोध काही नव्हता. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द लायन किंग'चा एक प्रयोग खास अशा मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी झाला होता; त्यात आवाज आणि प्रकाशझोत सौम्य केले होते, शांत बसायला वेगळी जागा ठेवली होती. तिथे हे प्रेक्षकांसाठी केले. आम्ही नटासाठी केले.

प्रश्न उरला संवादांचा. त्याचे उत्तर मात्र न्यूयॉर्ककडे नव्हते, सांगलीकडे होते. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. त्यामागची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची होती, हे आपण बंगळूरकरांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. त्या नाटकांत पाठ केलेले संवाद नसत. सूत्रधार पद्यातून कथा सांगे आणि पात्रे ती अभिनयाने दाखवीत. बोलायचे तर आयत्या वेळी, सुचेल तसे बोलत. ज्या मुलाला शब्द वेळेवर सापडत नाहीत, त्याच्यासाठी याहून सोयीचे नाट्य कोणते? आम्ही सातवीतील एका मुलीला सूत्रधार केले. ती कथा सांगणार, तो करणार. भूमिका त्यानेच निवडली: मेंढपाळ. कारण मेंढ्या मोजता येतात. पहिलीची सात मुले मेंढ्या झाली.

प्रयोगाच्या दिवशी एका मेंढीला ताप आला. बालवर्गाच्या बाईंनी सहाच मेंढ्या मंचावर सोडल्या. त्याने मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग पुढे यायचे सोडून फुलीवर उभा राहिला आणि म्हणाला, "एक कमी आहे." सभागृह शांत. तो पुन्हा म्हणाला, "एक कमी आहे." मी विंगेत घामाघूम झाले होते. पडदा पाडायची खूण करणार, इतक्यात ती सूत्रधार मुलगी पुढे येऊन म्हणाली, "लोकहो, मेंढपाळ म्हणतो, एक मेंढी हरवली आहे. ती सापडेपर्यंत आपली कथा पुढे जाणार नाही." तिने विंगेकडे पाहिले. धर्मशाळेचा मालक झालेला पाचवीचा मुलगा फेटा काढून गुडघ्यांवर रांगत मंचावर आला आणि "बें" म्हणाला. मेंढपाळाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, "सात" म्हटले आणि कथा पुढे सुरू झाली. ज्यांना बायबल ठाऊक होते, त्यांना हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आठवला असेल. त्या मुलांना तो ठाऊक नव्हता. त्यांनी केवळ आपल्या मित्राचे म्हणणे खरे मानले होते. सभागृहात शेकडो हात हलत होते आणि आवाज एकही नव्हता.

हा चमत्कार होता, असे कृपया समजू नका. तो मुलगा त्या दिवशी 'बरा' झाला नाही. स्वमग्नता हा बरा होण्याचा आजार नव्हेच. पुढच्या वर्षी मी मोठ्या उमेदीने त्याला विचारले, तेव्हा तो स्वच्छ "नाही" म्हणाला. त्याला पडद्याची दोरी हवी होती. शाळा सोडेपर्यंत त्याने पडदा सांभाळला आणि तो एकदाही चुकला नाही. मंचावर उभे राहणे म्हणजेच सहभाग, हा माझा आणखी एक गैरसमज होता. ज्या मुलाच्या नकाराला मान नाही, त्याच्या होकारालाही अर्थ उरत नाही.

पालकहो, काही जणांनी मला विचारले आहे, "एका मुलासाठी सर्वांचे नाटक का बदलायचे?" प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की ते बदल एकासाठी केले आणि उपयोगी अनेकांना पडले. मंचावर उभे राहताच घसा कोरडा पडणारी मुले, नुकतीच कन्नड शाळेतून आलेली, मराठी अडखळत बोलणारी मुले, या सर्वांना सूत्रधार आणि खडूची फुली उपयोगी पडली. आणि तुमच्या मुलांनी शिकलेली गोष्ट कोणत्याही गुणपत्रिकेत मावणारी नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, येत्या डिसेंबरमध्ये आपण नाटुकली पाहायला याल. शिट्ट्या नकोत, फ्लॅश नको आणि हात वर करून दाद द्या. एखादे मूल मधेच उठून गेले, तर मागे वळून पाहू नका. विंगेशेजारची ती खोली कायमस्वरूपी शांत खोली करण्याचा आमचा मानस आहे. तिच्यासाठी आपला हातभार लागला तर आनंद होईल.

साठ वर्षांत किती मुले या शाळेतून शिकून गेली, याची नोंद कार्यालयात आहे. "घरीच ठेवलंत तर बरं" असे ऐकून किती मुले त्या शनिवारी घरी राहिली, याची नोंद कुठेही नाही. त्यांतील काहींना ते मी स्वतः सांगितले आहे. आज या सभागृहात त्यांचे आईवडील असतील, तर मी त्यांची मनापासून क्षमा मागते.

यापुढे पडदा उघडण्यापूर्वी आम्ही मोजणार आहोत. एक जरी कमी असेल, तरी कथा थांबेल.