वनस्पतीची पेशी आणि शेतकऱ्याचे आरोग्य

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत नवी पेठ, सोलापूर येथे प्रमुख पाहुण्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या सभेत वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त अध्यापकाने काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझे उत्तर साधे आहे. नवी पेठ ही बाजारपेठ असली तरी तिचे गिऱ्हाईक खेड्यांतून येते; आणि मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांतून जो माणूस बाजाराला येतो, तोच अडचणीच्या वेळी या रुग्णालयाची पायरी चढतो. त्याचे शेत आणि त्याचे शरीर ही दोन्ही पेशींचीच बनलेली आहेत. त्या पेशींत कोठे साम्य आहे आणि कोठे भेद आहे, हे समजले की शेतातील कोणती गोष्ट पिकाला सोसते व माणसाला का सोसत नाही, याचा उलगडा होतो. आजचे माझे सांगणे एवढ्याच सूत्राभोवती आहे.

१६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरे दिसली. पुढे १८३८ व १८३९ या दोन वर्षांत श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती व प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले आहेत, हा सिद्धान्त मांडला. दोघांच्या पेशींत केंद्रक असते, आणि श्वसनाचे काम करणाऱ्या तंतुकणिका असतात. वनस्पतीच्या पेशीत तीन गोष्टी अधिक असतात: बाहेरून भक्कम पेशीभित्तिका, उन्हापासून अन्न तयार करणारी हरितलवके, आणि मध्यभागी रसाने भरलेली मोठी रिक्तिका. रिक्तिकेला आपण पेशीचे कोठार म्हणू.

या कोठाराची गोष्ट आपल्या घरच्या पिकावरूनच सांगतो. सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण गेली अनेक दशके शेतकऱ्यांनी सांभाळला आहे, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हीच ज्वारी कोवळी असताना जनावरांनी खाल्ली तर ती तडफडून मरतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचे कारण पेशीत आहे. ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचा पदार्थ असतो. तो पानाच्या वरच्या थरातील पेशींच्या रिक्तिकांत साठवलेला असतो, आणि त्याचे विघटन करणारे विकर आतल्या थरातील पेशींत असते. जोवर पान अखंड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही आणि ज्वारीला स्वतःच्या विषाची बाधा होत नाही. जनावराच्या दाढेखाली पान चिरडले की दोन्ही एकत्र येतात व सायनाइड तयार होते. हे सायनाइड जनावराच्या तंतुकणिकांतील श्वसनाची शेवटची पायरी बंद पाडते. रक्तात प्राणवायू असतो, परंतु पेशीला तो वापरता येत नाही. म्हणून गुडघ्याएवढी वाढलेली, पावसाच्या ताणाने सुकलेली किंवा कापणीनंतर पुन्हा फुटलेली कोवळी ज्वारी जनावरांपुढे टाकू नये, आणि बाधा झाल्यास क्षणही न दवडता पशुवैद्यकाला बोलवावे.

ज्वारीचे रोप आपले विष वेगळ्या खोलीत कोंडून ठेवते. आपल्या घरांत मात्र कीटकनाशकाची बाटली पुष्कळदा धान्याच्या कणगीशेजारी, फळीवर किंवा खाटेखाली असते. उरलेले औषध शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले जाते आणि तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते. १९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि पीठ एकाच जहाजातून आणले गेले. विष पिठात मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेच्या चौकशीतूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. कायदा दुकानापर्यंत पोहोचतो. घरातील फळीपर्यंत आपणच पोहोचले पाहिजे. औषध मूळ बाटलीत, कुलपात आणि अन्नापासून दूर ठेवावे. जुन्या थायमेटच्या, म्हणजे फोरेटच्या, पुड्या अजूनही काही घरांत निघतात. या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. अशी पुडी हाती आल्यास ती वापरू नये, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नये. कृषी कार्यालयात विचारून तिची विल्हेवाट लावावी.

आता श्वसनाकडे वळू. धान्याचा दाणा कोरडा आणि निश्चल दिसला तरी तो जिवंत असतो. त्याच्या पेशी मंदपणे श्वास घेतात. आपल्या भागात ज्वारी पेवात साठवण्याची जुनी रीत आहे. तोंड लिंपून बंद केलेल्या पेवात दाणे आणि त्यांवरील बुरशी प्राणवायू वापरतात व कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यामुळे आतले किडे गुदमरतात आणि धान्य टिकते. ही युक्ती आपल्या पूर्वजांनी अनुभवातून साधली. परंतु ज्या हवेत किडा जगत नाही त्या हवेत माणूसही जगत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी साचून राहतो. पेव उघडल्याबरोबर उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तेथेच राहतो. जाणती माणसे पेव उघडून पुष्कळ वेळ मोकळे ठेवीत आणि दोरीने कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरायचे नाही, हा नियम आजही पाळावा. कंदील जळत राहिला तरी कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर दोन माणसे उभी असल्याशिवाय उतरू नये. जुन्या पडीक विहिरीलाही हेच लागू आहे. गोबरगॅसच्या टाकीजवळ मात्र पेटता दिवा कधीही नेऊ नये, कारण तेथील वायू पेट घेतो.

तिसरा आणि सर्वांत गंभीर विषय फवारणीचा. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशक पिकावर पडते, अळी मरते आणि झाडाला काही होत नाही. हे कसे घडते? अळीला मज्जातंतू असतात. एका मज्जापेशीचा निरोप पुढे पोहोचला की निरोप नेणारे द्रव्य एका विकराने लगेच विघटित व्हावे लागते. हे औषध त्या विकरालाच निकामी करते. मग निरोप थांबत नाही. स्नायू थरथरतात, थकतात आणि श्वास बंद पडतो. झाडाला मज्जासंस्था नाही, म्हणून ते सुरक्षित राहते. माणसाला ती आहे, आणि विकरही तेच आहे. फवाऱ्यासमोर उभा असलेला माणूस झाडाच्या बाजूला नसून किडीच्या बाजूला आहे, ही गोष्ट प्रत्येक फवारणाऱ्याच्या मनावर बिंबली पाहिजे.

बाधा तोंडावाटेच होते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. पानावर मेणाचा थर असतो. त्यातून औषध आत जावे म्हणून पुष्कळ औषधे तेलकट द्रावकांत मिसळलेली असतात. तेच द्रावक आपल्या कातडीतूनही औषध आत नेते. उन्हात घाम आलेला असताना कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हे शोषण वाढते. काख, जांघ, मान, पापण्या या नाजूक जागी ते सर्वाधिक होते. पाठीवरचा पंप गळत असेल आणि धोतर किंवा पॅण्ट ओली झाली असेल, तर काम संपेपर्यंत त्याच कपड्यांत राहणे म्हणजे तासन्‌तास विष घेत राहणे होय.

याचे अत्यंत दुःखद उदाहरण २०१७ साली आपल्याच राज्यात घडले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात व त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. कापूस माणसाच्या उंचीपर्यंत वाढलेला, हवा दमट, अनेक औषधांचे मिश्रण, बारीक तुषार उडवणारे जोरकस पंप, आणि अंगावर संरक्षक कपडे नाहीत, अशी कारणे एकत्र आली. मृतांमध्ये दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणारेही होते. शासनाने त्यानंतर काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. आपल्या जिल्ह्यात कापूस तुलनेने कमी असला तरी द्राक्ष आणि डाळिंब या दोन्ही पिकांवर फवारण्या वारंवार होतात. म्हणून यवतमाळचा धडा आपल्यालाही तितकाच लागू आहे.

द्राक्षबागांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाकासारखा वाण देशाला दिला. वेलीच्या एका डोळ्यातील पेशीत बदल झाला आणि जाणत्या नजरेने तो ओळखला, अशी त्या वाणाची जन्मकथा आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर हे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे द्रव्य कातडीला भाजते. शिवाय ते मद्याच्या पचनासाठी लागणारे यकृतातील विकर बंद पाडते. अशा कामाच्या आगेमागे मद्य घेतले, तर चेहरा लालबुंद होणे, छाती धडधडणे, धाप लागणे अशी तीव्र लक्षणे उद्भवतात. पेस्ट लावणाऱ्या मजुरांना, विशेषतः भगिनींना, रबरी हातमोजे देणे हे बागायतदाराचे कर्तव्य आहे.

दुर्घटना घडलीच तर काय करावे? येथे बसलेल्या डॉक्टरांशी चर्चा करून मी चार गोष्टी सांगतो. पहिली, बाधिताला शेतातून बाहेर मोकळ्या हवेत आणावे, कपडे काढावेत आणि साबणाने व भरपूर पाण्याने अंग धुवावे. धुणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. दुसरी, मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. दूध, तूप काही देऊ नये. बेशुद्ध असल्यास कुशीवर निजवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तिसरी, औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर आणावे. ऑर्गॅनोफॉस्फरसच्या बाधेत अ‍ॅट्रोपिन हे इंजेक्शन जीव वाचवते. पॅराक्वाट हे तणनाशक मात्र वेगळे आहे. ते हरितलवकातील ऊर्जेचा प्रवाह वळवून पानाच्या पेशी जाळते आणि माणसाच्या फुप्फुसात साठून तेथेही तसेच करते. त्यावर उतारा नाही आणि अनावश्यक प्राणवायू दिल्यास हानी वाढते. एका विषात जे तारक, ते दुसऱ्यात मारक ठरू शकते. म्हणून बाटलीवरचे नाव डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला हवे असते.

चौथी गोष्ट नातेवाइकांसाठी. दुसऱ्या दिवशी रुग्ण बोलू लागतो, जेवण मागतो, आणि खर्चाच्या धास्तीने कुटुंब त्याला घरी नेऊ पाहते. परंतु ऑर्गॅनोफॉस्फरसच्या बाधेत साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे व श्वासाचे स्नायू अचानक दुबळे होऊ शकतात. त्या वेळी कृत्रिम श्वासयंत्र जवळ असेल तरच माणूस वाचतो. डॉक्टर थांबा म्हणतात, तेव्हा कृपा करून थांबा. आणि एखाद्याने निराशेच्या भरात औषध घेतले असेल तर लाजेने किंवा पोलिसांच्या भीतीने ते लपवू नका. येथे कोणी जाब विचारणार नाही. खरी माहिती मिळाली तर उपचारांची वेळ वाचते. बरे झाल्यावरही त्या माणसाला एकटे पडू देऊ नका.

शेवटी विश्वस्त आणि देणगीदार यांना एक विनंती. कायद्याने प्रत्येक बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अतितीव्र विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा त्रिकोणही विषाचीच खूण आहे, निर्धोकपणाची नव्हे. पण त्याखालची अक्षरे इतकी बारीक असतात की तरुणालाही ती वाचता येत नाहीत. आपला जिल्हा मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलतो. या चार भाषांत, ठळक अक्षरांत आणि चित्रांसह एक पानी सूचनापत्रक रुग्णालयाने काढावे, आणि घरी जाणाऱ्या प्रत्येक शेतकरी रुग्णाच्या हाती ते द्यावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी हातमोजे, मुखपट्टी आणि अ‍ॅप्रन यांचे संच मजुरांसाठी द्यावेत. श्वासयंत्राच्या तुलनेत त्यांची किंमत नगण्य आहे. श्वासयंत्रासाठी आपण आजवर जे दिले त्याचे मोल त्या कुटुंबांना ठाऊक आहे. हा संच ते यंत्र लागण्याची वेळच टाळू शकेल.