हुशार आहे, पण…



आत्ता माझी ओळख करून देताना माझी पदं, बढत्या सगळं सांगितलं गेलं. बरं वाटलं. पण मी आज सोबत वेगळंच काही आणलंय : माझं सातवीचं प्रगतिपुस्तक. त्यात बाईंचा शेरा आहे, ‘हुशार आहे, पण लक्ष नसते. वस्तू हरवते.’

तुम्हाला आठवत असेल, गोखिवऱ्याच्या एका पावसाळ्यात मी तीन छत्र्या हरवल्या होत्या. विसरलेली वही घेऊन आई फाटकाशी उभी असायची. मार्क चांगले पडायचे, त्यामुळे कुणीच मनावर घेतलं नाही. मीही नाही.

पुढे इंजिनिअरिंग, नोकरी. रात्री दोनला सर्व्हर बंद पडला की टीममध्ये सगळ्यात शांत मीच. चूक सापडेपर्यंत पाणी प्यायलाही उठत नसे. आणि खात्यात पैसे असताना बिल भरायचं राहिलं म्हणून माझ्याच घरची वीज दोनदा तोडली गेली. दोन ओळींच्या ईमेलला उत्तर द्यायला तीन आठवडे लागायचे. ते झाकण्यासाठी मी रात्री जागून दुप्पट काम करायचे. लोक म्हणायचे, किती मेहनती!

मग आई गेली. रोज सकाळी फोन करून “आज काय काय आहे तुझं?” असं ती विचारायची. माझा डोलारा त्या एका फोनवर उभा होता, हे तेव्हा कळलं. एका संध्याकाळी मुलाला क्लासहून आणायचं विसरले. तासभर तो पावसात उभा होता. मला बघून काहीच बोलला नाही. त्याला सवय झाली होती. तेच लागलं. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी विचारलं, शाळेतले जुने कागद आहेत का? कारण एडीएचडी मोठेपणी अचानक होत नाही. त्याची लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. २०१३ पूर्वी ही अट सातव्या वर्षाची होती. आईच्या ट्रंकेत हे पुस्तक सापडलं. बाई, तुमचा शेरा माझ्या निदानाला उपयोगी पडला. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते.

एडीएचडी म्हणजे लक्ष नसणं नव्हे. लक्ष हवं तिथे, हवं तेव्हा वळवता न येणं. आता गोळी आहे, समुपदेशन आहे. पण गोळी बिल भरत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरात फळा आहे, फोनवर गजर आहेत. मुलाला आणायच्या वेळेला तीन गजर वाजतात.

बाई, सर, माझी तक्रार नाही. तेव्हा हा शब्द आपल्यापैकी कुणाच्या कानावरच आला नव्हता. फक्त आज जे शिकवतात, जे आईबाप आहेत, त्यांना एक विनंती. वर्गभर धावणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीतून तुंगारेश्वरच्या डोंगराकडे बघत बसलेली, चांगले मार्क मिळवणारी मुलगी दिसत नाही. विसरणाऱ्या प्रत्येकाला एडीएचडी नसतो, हे खरं. पण ‘हुशार आहे, पण…’ असं लिहाल, तेव्हा त्या ‘पण’पाशी जरा थांबा. तिला विचारा.

आणि हो, हॉलमध्ये निळी छत्री सापडली तर ती माझी आहे.