फाउंडेशन नवं, थरथर जुनीच



आज बोलायचं आहे ते गाडीच्या इंजिनाला धरून ठेवणाऱ्या रबरांबद्दल. पुस्तकात त्यांना इंजिन माउंट म्हणतात, गॅरेजमध्ये फाउंडेशन. सिग्नलला स्टिअरिंग थरथरतं, एसी लावला की हादरे सीटपर्यंत येतात, म्हणून लोक ही फाउंडेशन बदलतात. पैसे जातात आणि पुष्कळदा थरथर तशीच राहते. मग कुणीतरी सांगतं, इंजिनच गेलं. तुम्ही भारतात कुठल्याही गावात असा, ही तक्रार सारखीच ऐकू येते. रबर नवं असणं जितकं गरजेचं, तितकंच ते न ताणता बसवणंही गरजेचं आहे. एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी इंजिन काय करतं ते बघू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे 800 आरपीएमवर उभ्या गाडीत चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला सुमारे 27 धक्के देतं आणि तीन सिलिंडरचं 20. धक्के जितके संथ, तितके ते अडवणं कठीण. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या तीन सिलिंडरच्या आहेत, म्हणून त्या उभ्या असताना जास्त थरथरतात.

हे धक्के बॉडीपर्यंत जाऊ न देणं हे रबराचं काम. उंचावरून उडी मारताना गुडघे सैल ठेवा, असं प्रत्येक रंगरुटाला शिकवतात. पाय ताठ ठेवले तर दणका थेट डोक्यात जातो. रबराचंही तसंच आहे. पीळ बसलेलं, एका बाजूला ओढलेलं रबर ताठ होतं आणि इंजिनाचा प्रत्येक ठोका बॉडीला पोहोचवतं.

आमच्या सिकंदराबादच्या कॉलनीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. पत्नीचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यायचं. गाडी थरथरते म्हणून त्यांनी तिन्ही फाउंडेशन नवी टाकली. थरथर वाढली. गॅरेजवाल्याने इंजिन खोलायला सांगितलं. "कर्नलसाहेब, विकून टाकतो. हिला बसवत नाही त्या गाडीत," असं ते म्हणाले, तेव्हा मी बॉनेट उघडायला लावलं. खालच्या टॉर्क रॉडचा बोल्ट हातोडीने ठोकल्याशिवाय निघेना. निघाला, तेव्हा इंजिन एका बाजूला सरकलं आणि भोक करंगळीच्या निम्म्या जाडीने हललं. म्हणजे पहारीने इंजिन ओढून तो बोल्ट घातला होता. सगळे बोल्ट सैल केले, इंजिन आपल्या जागी बसू दिलं, पुन्हा क्रमाने आवळले. एकही नवा पार्ट लागला नाही. बाई त्याच गाडीतून फिजिओथेरपीला जाऊ लागल्या.

आता तुमच्या गाडीचं. आधी निदान, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ठरावीक वेगालाच हादरे येत असतील तर व्हील बॅलन्सिंग बघा. इंजिन अडखळत, असमान चालत असेल तर स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर बघा. उभ्या गाडीत एकसारखी थरथर आणि क्लच सोडताना किंवा गिअर टाकताना 'धड्' असा आवाज, ही फाउंडेशनची लक्षणं. रबराला भेगा आहेत का, ते धातूपासून सुटलंय का, हे टॉर्च लावून बघा. द्रव भरलेलं माउंट असेल तर त्याखाली ओघळ दिसतो. रबरावर ऑइल गळत असेल तर आधी ती गळती थांबवा. ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं आणि नवंही लवकर जातं.

बसवताना पाच गोष्टी सांभाळा.

पहिली, इंजिनाला खालून आधार द्या. जॅक आणि ऑइल चेंबर यांच्यामध्ये रुंद लाकडी फळी हवी, नाहीतर चेंबर चेपतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, स्टँड लावायचेच.

दुसरी, एका वेळी एकच फाउंडेशन काढा. सगळी एकदम सोडली तर इंजिनाची मूळ जागा हरवते. नव्या पार्टवर बाणाची खूण किंवा पिन असेल तर ती जुळवा.

तिसरी, सगळे बोल्ट आधी हाताने लावा. भोक जुळत नसेल तर जॅकने इंजिन थोडं वरखाली करा. बोल्ट आवळून किंवा पहार लावून भोक जुळवायचं नाही.

चौथी, बोल्ट सैल असतानाच जॅक उतरवा. इंजिनाचं वजन रबरांवर येऊ द्या, हाताने ते पुढे-मागे हलवा आणि सोडा. ते जिथे थांबेल ती त्याची जागा. मग आधी वजन पेलणारी फाउंडेशन आवळा, टॉर्क रॉड शेवटी. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा.

पाचवी, शेवटची आवळणी टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकीच. एअर गनने नाही.

शेवटी सायलेन्सरचा पाइप, त्याचे रबरी हँगर आणि एसीचे पाइप बघा. यांतलं काही बॉडीला टेकलं असेल किंवा ताणलेलं असेल, तर धक्के त्या वाटेने आत येतात. आणि जुन्या फाउंडेशनमध्ये कडक रबर किंवा पॉलियुरेथेन भरून घेऊ नका. ते टिकतं, पण हादरे वाढवतं.

हे सगळं स्वतः करायची गरज नाही. गॅरेजमध्ये उभं राहून दोनच प्रश्न विचारा: बोल्ट हाताने आत गेला का? आणि शेवटची आवळणी जॅक काढल्यावर केली का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तरच पैसे द्या.

जय हिंद.