हिवताप आणि रसायनशास्त्र
(किल्लारी येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



हिवतापावरील औषधांच्या संशोधनाविषयी बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. विषय रुक्ष असला तरी परका नव्हे. १९४८ पर्यंत आपली किल्लारी ज्या निजामी राज्यात होती, त्याच राज्यातील सिकंदराबादच्या छावणीत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले.

औषध त्याआधीच हाती होते. सिंकोना झाडाच्या सालीतील कोयनेल दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० साली वेगळे केले. पुढे १९३४ साली जर्मनीत क्लोरोक्विन सिद्ध झाले. ते स्वस्त व गुणकारी होते; परंतु जंतू त्यास सरावले. १९७३ साली आसामात क्लोरोक्विनला न जुमानणारा हिवताप आढळला.

नवे औषध एका वनस्पतीतून आले. चैत्रात आपण देवास जो दवणा वाहतो, त्याच्याच कुळातील ती एक चिनी वनस्पती. तू यूयू या विदुषींनी जुन्या ग्रंथात ती थंड पाण्यात भिजवून पिळण्याची कृती वाचली, आणि उकळणे सोडून ईथरने अर्क काढला. त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. (आपल्या दवण्याचा काढा मात्र कोणी हिवतापावर घेऊ नये!) या अर्कातील आर्टेमिसिनीनमध्ये प्राणवायूच्या दोन अणूंची जोडी असते. जंतू आपले रक्त पचवितो तेव्हा सुटणाऱ्या लोहाने ती जोडी तुटते आणि जंतूच मरतो. आर्टेमिसिनीन पाण्यात वा तेलात नीट विरघळत नसे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून तेलात विरघळणारे आर्टिइथर सिद्ध केले, आणि १९९७ साली मुंबईच्या थेमिस कंपनीने त्याची सुई बाजारात आणली.

तथापि व्हायव्हॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून महिन्यांनी पुन्हा उठतो. त्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यात पडतात, हे आपल्या घरोघरचे चित्र आहे. हे औषध गर्भवतीस देत नाहीत, काहींच्या रक्तास ते बाधते. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. एकाच मात्रेचे टॅफेनोक्विन २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले, परंतु तेही रक्ततपासणीवाचून देता येत नाही.